कोयत्याचे गाव कोणते?

येत्या जनगणनेचा संदर्भक्षण केंद्र सरकारने जून २०२५ मध्येच अधिसूचित केला. फेब्रुवारी २०२७ ची अखेरची रात्र सरून १ मार्च उजाडतानाची मध्यरात्र हा तो क्षण होय. २०११ नंतर तब्बल सोळा वर्षांनी ही मोजदाद पुरी व्हावयाची असल्याने तिच्याकडे साऱ्या देशाचे डोळे लागावेत हे स्वाभाविक आहे. जातिनिहाय नोंद, मतदारसंघांची पुनर्रचना, विधिमंडळांतील महिलांच्या राखीव जागा असे थोर प्रश्न तिच्याशी निगडित आहेत आणि त्यांवर वादही भरपूर झडले आहेत. या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे पडला आहे. त्या मध्यरात्री बीड जिल्ह्याच्या शिरूर कासार, पाटोदा किंवा धारूर तालुक्यातील एखादे ऊसतोड जोडपे कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळच्या शिवारात पाचटाच्या कोपीत निजलेले असेल. ते जोडपे कोठले धरावयाचे?

प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. प्रगणकाला सूचनापुस्तिका दिलेली असते; तो तीत पाहील आणि रकाना भरील, असे कोणी म्हणेल. परंतु या रकान्याच्या मागे एक संपूर्ण शास्त्र उभे आहे. वस्ती, स्थान, प्रदेश, अंतर, सीमा, स्थलांतर या मानवी भूगोलाच्या मूलभूत संकल्पना आपल्याकडे क्रमिक पुस्तकात राहतात. चार-पाच गुणांच्या टिपेपुरते त्यांचे आयुष्य असते आणि परीक्षा संपली की ते संपते. वस्तुतः शासनाचा सारा व्यवहार त्यांच्यावर चालतो. शाळा कोठे काढावी, दवाखान्याला किती परिचारिका द्याव्यात, शिधा कोणत्या दुकानातून मिळावा, नळपाणी योजना किती माणसांसाठी आखावी, या प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी 'माणूस कोठे राहतो' याविषयीची एक कल्पना गृहीत असते. ती कल्पना चुकली तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. आणि मराठवाड्यातील ऊसतोड मजुराच्या बाबतीत ती वर्षानुवर्षे चुकत आलेली आहे.

दसरा झाला की बीड, जालना, धाराशिव, परभणी, अहिल्यानगर आदी जिल्ह्यांच्या कोरडवाहू गावांतून टोळ्या निघू लागतात. गळीत हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो आणि उसाच्या उपलब्धतेप्रमाणे मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. नवरा-बायकोच्या जोडीला या व्यवहारात 'कोयता' म्हणतात. मुकादमाने उचल द्यावयाची ती कोयत्यावर, टोळीची मोजणी कोयत्यांनी आणि एकटा गडी आला तर तो 'अर्धा कोयता'. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावाने मोजणारी ही परिभाषा कोणा अभ्यासकाने बनविलेली नाही. ती कराराच्या कागदावर रुळलेली आहे. उचल फेडण्यापुरते काम झाले नाही तर बाकी पुढल्या हंगामावर चढते, आणि आजारपणाने वा बाळंतपणाने दिवस बुडाला तर खाड्याचे पैसे कापले जातात. पाच-सहा महिने उघड्या रानात, कोपीच्या आडोशाला, बैलगाडीच्या किंवा टायरगाडीच्या सोबतीने हा संसार चालतो. मग कारखान्याचा पट्टा पडतो आणि टोळी गावाकडे वळते.

अशी माणसे किती? निरनिराळे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितले जातात. दोन अंदाजांत एखाद्या मोठ्या शहराच्या लोकसंख्येइतके अंतर पडावे, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. ज्या राज्यात गाळपाचा आकडा टनापर्यंत आणि साखरेचा उतारा दशांशापर्यंत रोज प्रसिद्ध होतो, त्या राज्यात ऊस तोडणाऱ्या हातांची संख्या मात्र अदमासावर चालते.

याचे कारण केवळ सरकारी अनास्था नव्हे. अनास्था आहेच, परंतु तिच्याही आधी संकल्पनांचा घोटाळा आहे. निवडणुकीचा कायदा पाहा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे नेहमीच्या ठिकाणाहून तात्पुरते दूर गेल्याने माणसाचे तेथील रहिवासीपण संपत नाही. तेव्हा मतदार म्हणून हे जोडपे पाटोद्याचे. जनगणनेचा नियम निराळा. मोजणीच्या काळातील एक दिवसही जो घरी नसतो, त्याची गणना घरी करावयाची नाही. तो जेथे सापडेल तेथे करावयाची. फेब्रुवारीचा महिना हा ऐन गाळपाचा. म्हणजे जनगणनेच्या दृष्टीने तेच जोडपे शिरोळचे. कामगार कायद्याच्या दृष्टीने ते कोठलेच नसते, कारण कारखाना म्हणतो की हे मजूर मुकादमाचे आणि मुकादम स्वतःच कारखान्याच्या कराराने बांधलेला. एकाच देहाचे तीन खात्यांनी असे तीन पत्ते लिहून ठेवले आहेत आणि कोणत्याही दोन खात्यांनी आपले कागद एकमेकांसमोर ठेवून पाहिलेले नाहीत. शिरोळच्या आरोग्य उपकेंद्राने म्हणावे की ही आमच्या यादीतली नव्हेत, आणि पाटोद्याच्या अंगणवाडीने म्हणावे की पोर तर गैरहजर आहे. दोघांचेही म्हणणे कागदोपत्री बिनचूक असते.

स्थलांतराच्या शास्त्राचा आरंभच मुळी जनगणनेच्या तक्त्यांतून झाला, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. जन्माने जर्मन असलेल्या रॅव्हेन्स्टाईनने १८८५ मध्ये लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे स्थलांतराचे नियम मांडले, ते ब्रिटनच्या १८७१ व १८८१ च्या शिरगणतीतील जन्मस्थानाच्या रकान्यावरून. बहुसंख्य माणसे जवळच जातात, प्रत्येक प्रवाहाला एक उलटा प्रवाह असतो, जवळच्या स्थलांतरात स्त्रियांचे प्रमाण अधिक असते, हे त्याचे निष्कर्ष आजही बव्हंशी टिकून आहेत. परंतु त्याच्यापुढे जे जग होते ते खेडे सोडून गिरणीच्या गावी जाणाऱ्यांचे होते. माणूस एका ठिकाणाहून उठतो आणि दुसऱ्या ठिकाणी बसतो, अशी ती कल्पना. सरळ रेषेतील हालचाल तीत नीट बसते. दर वर्षी फिरणारे वर्तुळ बसत नाही.

आपली जनगणना त्याच साच्यातून निघालेली आहे. २०११ मध्ये देशात सुमारे ४५ कोटी लोक स्थलांतरित म्हणून नोंदले गेले. आकडा ऐकून छाती दडपते. पण त्यांतील निम्म्याच्या आसपास माणसांच्या स्थलांतराचे कारण विवाह असे आहे. रोजगारासाठी गेलेले त्यांच्या तुलनेने अगदी थोडे. अर्थात भारतीय तक्त्यातला 'स्थलांतरित' हा प्रामुख्याने सासरी नांदावयास गेलेल्या मुलीचा आकडा आहे. त्यात गैर काहीच नाही. विवाहामुळे होणारी हालचाल हा समाजाच्या भूगोलाचा मोठाच भाग आहे. मात्र तेवढ्या अवाढव्य संख्येत हंगामी मजूर कोठे लपला हे शोधणे दुष्कर होऊन बसते. राष्ट्रीय नमुना पाहणीने २००७-०८ मध्ये ही उणीव ओळखून अल्पकालीन स्थलांतराचा वेगळा प्रश्न विचारला. तेथेही मर्यादा पडली: महिन्याहून अधिक आणि सहा महिन्यांहून कमी. पट्टा लवकर पडला तर मजूर या व्याख्येत बसावयाचा आणि हंगाम लांबला तर बाहेर पडावयाचा. त्याचे भौगोलिक अस्तित्व उसाच्या पिकावर अवलंबून!

या माणसांना वाटेला कोणी लावले? याचे ठरीव उत्तर 'पावसाने' असे आहे. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटाच्या उघड्या माळावर पीक धड येत नाही, म्हणून माणूस कोयता घेतो, असे आपण शाळेपासून ऐकतो. भूगोलात या विचारसरणीला निसर्गवाद म्हणतात आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिचा मोठा दबदबा होता. जर्मनीच्या राट्सेलचे नाव तिच्याशी जोडले जाते. तिला उत्तर दिले ते फ्रान्सच्या व्हिदाल द ला ब्लाश याने. निसर्ग माणसापुढे काही शक्यता ठेवतो, त्यांतून कोणती निवडावयाची हे त्या समाजाच्या सवयी, साधने आणि इतिहास ठरवितात, असे त्याचे प्रतिपादन होते. हा वाद फ्रान्स-जर्मनीचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही, कारण त्याचा पुरावा महाराष्ट्रातच पसरलेला आहे. माण, आटपाडी, सांगोला या माणदेशी तालुक्यांत पाऊस बीडहून अधिक पडत नाही, कमीच पडतो. त्या मुलखातील माणसेही पोटासाठी घराबाहेर पडली. पण आटपाडी-खानापूरकडची कित्येक कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन देशभरच्या सराफ बाजारांत जाऊन बसली. साताऱ्याच्या कोरड्या पट्ट्यातली पोरे सैन्यात गेली, मुंबईच्या गिरण्यांत गेली. आभाळ सारखेच कोरडे असताना एकाच्या हाती मूस आली आणि दुसऱ्याच्या हाती कोयता. फरक पडला तो आप्तांच्या साखळीने, पदरच्या भांडवलाने, आधी गेलेल्याने मागच्याला ओढून नेण्याने, आणि बीडच्या बाबतीत मुकादमाच्या उचलीने. पावसावर बोट ठेवले म्हणजे उचलीचा हिशेब कोणी मागत नाही, ही या निसर्गवादाची खरी सोय आहे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. पश्चिम महाराष्ट्रातील ऊस आकाशातून पडलेला नाही. नीरेचा डावा कालवा एकोणिसाव्या शतकातला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ मध्ये पुरे झाले आणि प्रवरेचे खोरे भिजू लागले. लोणीच्या माळावर विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या हंगामापासून साखर काढू लागला. सहकाराचे ते पर्व महाराष्ट्राला भूषणावह आहे, यात शंका नाही. शेतकऱ्याने भागधारक व्हावे, संचालक निवडावेत, कारखान्याच्या नफ्यातून शाळा-महाविद्यालये काढावीत, हे सारे घडले. फक्त त्या लोकशाहीचे सभासदत्व ज्याच्या नावावर ऊस होता त्यालाच मिळाले. ज्याने तो तोडला त्याला ना भाग मिळाला, ना मत. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्याची गावे मोडली आणि पुढे कारखाने वाढत गेले, तसतसा हा ओघ मोठा होत गेला.

इंग्लंडच्या डोरीन मॅसी यांनी १९९१ मध्ये एका निबंधात असे मांडले की, स्थान म्हणजे कुंपण घातलेला तुकडा नव्हे. बाहेरच्या जगाशी असलेल्या संबंधांनी ते घडते. त्यांच्या डोळ्यांपुढे लंडनमधील एक गजबजलेला रस्ता होता. पण ही दृष्टी कृष्णाकाठाला तितकीच लागू पडते. शिरोळचा हिरवेपणा आणि शिरूर कासारचा रखरखीतपणा हे दोन स्वतंत्र धडे नव्हेत. तोडणीचे स्वस्त हात आहेत म्हणून तेथला ऊस परवडतो, आणि सहा महिन्यांची कमाई बाहेरून येते म्हणून येथली शेती, पाणी, शाळा यांची निकड कोणाला भासत नाही. आपल्या प्रादेशिक असमतोलाच्या चर्चेत मराठवाड्याचा अनुशेष आणि पश्चिम महाराष्ट्राची समृद्धी अशा दोन रकान्यांची बेरीज-वजाबाकी मांडली जाते. दोन्ही रकान्यांमधून दर दिवाळीला चालत जाणारी माणसे त्या अनुशेषाच्या कोष्टकात दिसत नाहीत.

आणि चालणे सर्वांचे सारखे नसते. स्वीडनच्या टॉर्स्टेन हेगरस्ट्रांड यांनी १९७० मध्ये भूगोलतज्ज्ञांना एक साधा सवाल केला: तुमच्या प्रतिमानांत माणसे कोठे आहेत? एकेका माणसाचा दिवस काळ आणि अवकाश यांतून कसा सरकतो, कोणती गोष्ट कोणाबरोबर, कोणत्या घटकेला आणि कोठे असलीच पाहिजे म्हणून त्याचे हातपाय बांधले जातात, हे पाहावे, असे त्यांचे म्हणणे होते. ऊसतोड बाईचा दिवस या पद्धतीने मांडून पाहावा. पहाटे अंधारात उठून चूल पेटवावयाची, भाकऱ्या थापावयाच्या, पोराला फडाच्या कडेला सावलीत ठेवावयाचे, नवऱ्याने तोडलेला ऊस साळून मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावरून गाडीपर्यंत वाहावयाच्या. ट्रक रात्री आला तर रात्री भरावयाचा, कारण ट्रकच्या वेळेवर टोळीची वेळ बांधलेली असते. पाणी, आडोसा आणि दवाखाना या तिन्ही गोष्टी फडापासून लांब असतात. त्यांतली कोणतीही गाठावयाची तर दिवस मोडतो, आणि दिवस मोडला की खाडा. नकाशावर आरोग्य केंद्र चार किलोमीटरांवर असेल. तिच्या दिवसात ते केंद्र कोठेच नाही. अंतर किलोमीटरांत मोजणारे नियोजन येथे फसते.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण २०१९ मध्ये उजेडात आले, तेव्हा महाराष्ट्र हादरला. राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या वेळी ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील सुमारे १३,८०० स्त्रियांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. डॉक्टरांची नफेखोरी, स्त्रियांचे अज्ञान, मुकादमांचा दबाव, अशी कारणे सांगितली गेली आणि ती खोटी नाहीत. पण आडोसा नाही, पाणी नाही आणि पाळीच्या दिवसांतही खाडा चुकत नाही, अशा जागेत वर्षाचे सहा महिने काढावे लागणे, हे त्या दुखण्याचे भौगोलिक कारण होय. शस्त्रक्रिया गावाकडे झाल्या. दुखणे फडात जडले. ज्या जिल्ह्यात दुखणे जडले त्या जिल्ह्याच्या आरोग्य अहवालात ते आलेच नाही.

आता सीमेचे पाहा. आंतरराज्य स्थलांतरित मजुरांसाठी १९७९ मध्ये संसदेने कायदा केला. ठेकेदाराने नोंदणी करावी, मजुराला विस्थापन भत्ता व प्रवासखर्च द्यावा, राहण्याची सोय करावी, अशी त्यात तरतूद होती. ती कागदावरून किती उतरली हा भाग अलाहिदा. तो कायदा पुढे २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. परंतु मूळ कल्पना कायम राहिली: स्थलांतरित तो, जो राज्याची हद्द ओलांडतो. पाटोद्याची एक टोळी शिरोळला थांबली तर तिने तीनशेहून अधिक किलोमीटर तोडले असले तरी ती या व्याख्येत नाही. दुसरी टोळी थोडे पुढे जाऊन सदलगा-चिकोडीच्या उसात शिरली की कायद्याच्या दृष्टीने ती स्थलांतरित झाली. फड तोच, कोपी तीच. मधून एक रेषा गेली आहे, जी १९५६ मध्ये भाषावार राज्ये आखताना निराळ्याच कारणाने काढली गेली. ती रेषा हा महाराष्ट्राच्या मनातला जुना सल आहे. तिच्यासाठी आंदोलने झाली, हुतात्मे झाले. तिच्या दोन्ही अंगांना एकच मराठी टोळी दोन निरनिराळ्या हक्कांनी राबते, याची खंत मात्र कोणत्याही व्यासपीठावरून ऐकू आलेली नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिधापत्रिका देशात कोठेही चालावी ही योजना २०१९ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२२ पर्यंत सर्व राज्यांत लागू झाली. हक्क गावाला न बांधता माणसाबरोबर पाठवावा, हा विचार तीत प्रथमच मान्य झाला. मानवी भूगोलाच्या दृष्टीने ही लहान क्रांतीच होय, जरी कोपीपासून दुकान किती लांब आणि ते कोणत्या वेळी उघडे, हा हेगरस्ट्रांडचा प्रश्न तेथेही उरतोच. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथराव मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ झाले, त्याच्या निधीसाठी कारखान्यांनी गाळपाच्या दर टनामागे दहा रुपये द्यावेत असे ठरले. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे निघाली. त्याआधी, १९९० च्या दशकापासून, कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. शिक्षण हक्क कायदा २०१० मध्ये लागू झाल्यावर प्रत्येक मूल नियमित शाळेतच असले पाहिजे, असा आग्रह आला आणि साखरशाळांचा आधार सुटत गेला. तत्त्व उदात्त होते. पण नियमित शाळा गावात आणि मूल फडात, ही स्थिती तत्त्वाने बदलत नाही.

शिवाय मनावर घेतले तर मोजता येते, याचा दाखलाही जवळचाच आहे. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत अडकलेल्या ऊसतोड मजुरांना गावी पाठविण्याचे सरकारने ठरविले, तेव्हा त्यांची संख्या सव्वा लाखांहून अधिक भरली. कोणत्या कारखान्यावर कोणत्या गावचे किती, याची यादी करूनच त्यांना पाठवावयाचे होते. ज्या यादीसाठी अनेक वर्षे वेळ नव्हता, ती साथीच्या भयाने बघता बघता तयार झाली. भय ओसरल्यावर ती यादी पुढल्या हंगामात कोणी अद्ययावत केली नाही.

या पार्श्वभूमीवर जनगणनेच्या दोन टप्प्यांकडे पाहिले की अडचण स्पष्ट होते. घरयादीचा टप्पा एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळासाठी ठरविण्यात आला. त्या दिवसांत मजूर आपल्या गावी असतो आणि शिरोळच्या रानात कोपीचा मागमूस नसतो. माणसे मोजण्याचा टप्पा फेब्रुवारी २०२७ साठी ठरला. तेव्हा गावच्या घराला कुलूप असते आणि जेथे घरक्रमांकच पडलेला नाही अशा रानात कोप्या उभ्या असतात. घर मोजले जाते ते एका जिल्ह्यात आणि माणूस मोजावयाचा तो दुसऱ्या. प्रगणक हा बहुधा स्थानिक शिक्षक असतो. दिवसभर शाळा करून तो आडरानातील फडावर पोचेपर्यंत टोळी गाडी भरावयास गेलेली असणार. नवी घरे आढळल्यास जोडून घ्यावीत, बेघरांची गणना अखेरच्या रात्री करावी, अशा सूचना असतात हे खरे. पण कोपी हे घर की बेघरपण, याचा निर्णय रात्रीच्या अंधारात एकट्या प्रगणकावर सोडणे बरे नव्हे.

ऊसतोडीच्या यंत्रांनी हा प्रश्न आपोआप मिटेल, असा एक युक्तिवाद अलीकडे कानी पडतो. यंत्रे वाढत आहेत, त्यांना अनुदानही मिळते. परंतु लहान तुकड्यांत आणि ओल्या रानात ती चालविणे अवघड जाते. आणि यंत्राने कोयता हिरावला तर बालाघाटावरचा माणूस घरी बसणार नाही. तो वीटभट्टीवर जाईल, बांधकामावर जाईल. तेथेही तो दोन ठिकाणचाच राहील.

म्हणून मागणी साधी आहे. माणूस दोनदा मोजावा असे कोणी म्हणत नाही; तो एकदाच मोजावा, पण त्याची दोन्ही गावे लिहावीत. शिरोळचे म्हणणे असे की, सहा महिने ही माणसे आमचे पाणी पितात, आमच्या दवाखान्यात येतात, त्यांचा भार आमच्या लोकसंख्येत धरा. पाटोद्याचे म्हणणे असे की, माणसे आमची, ती घटली तर आमची शाळा व निधी घटतो. दोन्ही बाजू रास्त आहेत आणि एकाच रकान्याच्या तक्त्यात त्यांतली एक खोटी ठरल्याशिवाय राहत नाही. तात्पुरत्या निवाऱ्यात आढळलेल्या प्रत्येक कुटुंबापुढे त्याच्या नेहमीच्या गावाचा सांकेतिक क्रमांक आणि तेथे परतण्याचा महिना एवढे दोन तपशील नोंदविले, तर राज्याला हंगामी लोकसंख्येचे पहिले विश्वसनीय कोष्टक मिळेल. यावेळची जनगणना कागदाऐवजी यंत्रावर व्हावयाची आहे. दोन रकाने वाढविण्यास त्यामुळे छपाईची सबबही उरत नाही. दिल्लीने प्रश्नावली बदलली नाही, तरी राज्याला स्वतःच्या बळावर पुष्कळ करता येईल. मजुरांची नावे नाहीत असे नव्हे. ती मुकादमांच्या करारपत्रांत आहेत, उचलीच्या वह्यांत आहेत, वाहतूकदारांच्या याद्यांत आहेत. गाळपाचा परवाना देतानाच साखर आयुक्तालयाने कारखान्याकडून टोळीवार यादी मागून घ्यावी, तीत कोयता न लिहिता स्त्री आणि पुरुष यांची नावे वेगवेगळी लिहावीत, मुलांची वये लिहावीत, आणि ती यादी संबंधित दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी. कामगार संहितेच्या राज्य नियमांत जिल्हा ओलांडणाऱ्या हंगामी मजुराला आंतरराज्य मजुराइतक्याच सवलती देता येतात किंवा कसे, हे विधी खात्याने तपासावे. फेब्रुवारीच्या मोजणीसाठी कारखान्यांच्या चिटबॉयना प्रगणकाच्या मदतीला द्यावे, कारण कोणती टोळी कोणत्या शेतात आहे हे रोजच्या रोज ठाऊक असणारा माणूस गावच्या शाळेत नसतो. तो कारखान्याच्या शेती विभागात असतो.

यासाठी वेगळा कायदा नको आणि मोठा खर्चही नको. बीड आणि कोल्हापूर, जालना आणि सांगली, धाराशिव आणि सोलापूर या जिल्ह्यांच्या प्रशासनांनी टोळ्या निघण्यापूर्वी, म्हणजे दसऱ्याच्या आत, एकमेकांच्या याद्या ताडून पाहाव्यात आणि गावोगावचे तलाठी, आशा सेविका व मुख्याध्यापक यांच्याकडून जाणाऱ्या कुटुंबांची नोंद करून ती पुढच्या जिल्ह्याकडे धाडावी, एवढेच करावयाचे आहे.